हिरवा ठिपका खरं बोलतो का? ऑफिसच्या चॅटमधली उपलब्धता कामी कशी आणावी

बुधवारची संध्याकाळ, पावणेसात. नऊला रिलीज, म्हणजे सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती, जायचं होतं आणि डेटाबेसमधल्या एका बदलाला मंजुरी अडकली होती. मंजुरी देऊ शकणारी माणसं तीन. टीम्सवर, म्हणजे आमच्या ऑफिसच्या चॅट ॲपवर, त्यांच्या नावांपुढचे ठिपके: एक हिरवा (उपलब्ध), एक पिवळा (जागेवर नाही), एक लाल (कामात). मी अर्थातच हिरव्याला पिंग केलं, म्हणजे चॅटवर मेसेज टाकला. उत्तर नाही. शेवटी फोन लावला, तर मागे बसचा खडखडाट. मॅडम हिंजवडीहून निघालेल्या पीएमपीत उभ्या होत्या. एका हाताने दांडा धरलेला, दुसऱ्या हातातल्या मोबाइलवर आमचेच मेसेज वाचणं चालू, आणि लॅपटॉप पाठीवरच्या सॅकमध्ये. लाल दिसणाऱ्याच्या वाटेला मी गेलोच नाही, कारण नावापुढे ‘मीटिंगमध्ये’ होतं. दुसऱ्या दिवशी कळलं की ती मीटिंग दुपारीच रद्द झाली होती, कॅलेंडरवरून काढायची तेवढी राहिली होती. गडी जागेवरच होता. रिलीज गेलं साडेदहाला.

तिन्ही ठिपके आपापल्या नियमाने बरोबरच होते. नियम आम्हाला माहीत नव्हते, एवढंच.

कोण जागेवर आहे हे नुसतं दिसल्याने कितीतरी फुकटचे फोन आणि हेलपाटे वाचतात, यात शंका नाही. पण ठिपका कंपनीने चालू करून दिला म्हणून तो फायदा आपोआप मिळत नाही. आमच्या टीममधले निम्मे लोक पुण्यात ऑफिसला येतात, काही सातारा-कोल्हापूरहून घरून काम करतात आणि क्लायंट जर्मनीत. अशा टीममध्ये ही गोष्ट आम्ही कशी बसवली ते सांगतो. उदाहरणं मुख्यतः मायक्रोसॉफ्ट टीम्सची आहेत; स्लॅक (ऑफिसांत चालणारं दुसरं चॅट ॲप) आणि व्हॉट्सॲप जिथे वेगळं वागतं तिथे तसं सांगेन.

पायरी १: ठिपका कोण बदलतं ते आधी समजून घ्या

ठिपका तुमच्याबद्दल काही सांगत नाही, तो तुमच्या यंत्राबद्दल सांगतो. टीम्समध्ये साधारण पाच मिनिटं माउस-कीबोर्डला हात लागला नाही, किंवा स्क्रीन लॉक झाली, की हिरव्याचा पिवळा होतो. स्लॅकच्या डेस्कटॉप ॲपमध्ये हीच मुदत दहा मिनिटांची आहे. म्हणजे छापील कागद घेऊन अर्धा तास डोकं खपवणारा माणूस पिवळा, आणि बसमध्ये मोबाइलवर टीम्स उघडून उभा असलेला माणूस हिरवा. मोबाइलवर ॲप मागे गेलं की मग तोही पिवळा होतो.

लाल रंगाचे दोन प्रकार वेगळे ओळखायला शिका, याचा आम्हाला सगळ्यांत जास्त उपयोग झाला. नावावर माउस नेला की शब्द दिसतात. ‘इन अ मीटिंग’ हे कॅलेंडरवरून येतं. माणूस खरोखर मीटिंगला बसला आहे की नाही, हे टीम्सला त्यातून ठाऊक नसतं. ‘इन अ कॉल’ म्हणजे मात्र तो आत्ता खरंच बोलतो आहे. पहिल्याला एक ओळ लिहून बघायला हरकत नाही. दुसऱ्याला थांबावंच लागतं. तिसरा शब्द ‘प्रेझेंटिंग’. स्क्रीन शेअर करताना टीम्स आपणहून सूचना दाबून ठेवतं, म्हणजे तुमचा ‘अरे, ते पगाराचं काय झालं’ क्लायंटसमोर झळकत नाही. ही सोय सेटिंग्जमधून बंद करता येते. कृपया करू नका.

हाताने लावलेला रंगही कायम टिकत नाही. ‘बिझी’ आणि ‘डू नॉट डिस्टर्ब’ एका दिवसाने आपोआप उतरतात, बाकीचे सात दिवसांनी. त्यापेक्षा लावतानाच मुदत द्यावी: अर्धा तास, एक तास, आजचा दिवस. तो पर्याय त्याच यादीत खाली असतो आणि तिथपर्यंत कुणी जात नाही.

पायरी २: एकदा बसून रंगांचे अर्थ ठरवा

हे काम अर्ध्या तासाचं आहे आणि ते टाळलं तर पुढचं सगळं वाया जातं. जुन्या सरकारी कचेरीत साहेबांच्या दाराशी लाकडी पाटी असायची. पट्टी सरकवली की ‘आत’, परत सरकवली की ‘बाहेर’. ती चालायची, कारण ‘आत’ म्हणजे काय यावर शिपायापासून अर्जदारापर्यंत सगळ्यांचं एकमत होतं. आपल्या ठिपक्यांवर तसं एकमत नसतं. एकाच्या लेखी हिरवा म्हणजे ‘बिनधास्त कॉल करा’, दुसऱ्याच्या लेखी ‘लॅपटॉप चालू आहे, एवढंच’.

आम्ही ठरवलेलं जसंच्या तसं देतो. तुमचं वेगळं असू शकतं.

हिरवा: चॅटवर विचारा, पंधरा-वीस मिनिटांत उत्तर येईल. न विचारता कॉल करायचा नाही.
लाल: लिहून ठेवा, मोकळं झाल्यावर उत्तर. ‘इन अ मीटिंग’ असेल आणि काम दोन मिनिटांचं असेल तर तसं स्पष्ट लिहा.
लाल, मधे आडवी रेघ: ‘डू नॉट डिस्टर्ब’. लाइव्ह सिस्टिम बंद पडली असेल तरच, आणि तेही थेट फोनने.
पिवळा: यातून काहीही अर्थ काढायचा नाही.
राखाडी: ऑफलाइन, आजचं काम संपलं. उद्या.

वाद झाला तो पिवळ्यावर. एका सिनियरचं म्हणणं, कामाच्या वेळेत पिवळं दिसणं बरं नाही. त्यावर आमच्या टेस्टिंगच्या ताई म्हणाल्या, ‘सर, परवाचा तो बग आपण टपरीवर चहा पिताना सोडवला. तेव्हा आपण सगळेच पिवळे होतो.’ वाद तिथेच संपला. लेखी नोंदीत आम्ही मुद्दाम वाक्य घातलं: पिवळ्यावरून कुणालाही काही विचारलं जाणार नाही.

नोंद एका पानाच्या आत ठेवा आणि टीमच्या चॅनेलमध्ये वर टाका. नवा माणूस आला की पहिल्या दिवशी त्याला तेच पान दाखवा.

पायरी ३: कॅलेंडर साफ करा

अर्धे खोटे ठिपके कॅलेंडरमुळे लागतात, म्हणून हे काम कंटाळवाणं असलं तरी मनापासून करा. आउटलुकच्या कॅलेंडरमध्ये प्रत्येक नोंदीला ‘शो ॲज’ नावाचा पर्याय असतो: फ्री, टेंटेटिव्ह, बिझी, आउट ऑफ ऑफिस. ‘विजेचं बिल भरायचं’ अशी स्वतःसाठी टाकलेली आठवण बिझी ठेवली तर टीम्स तुम्हाला लाल करतं आणि लोक तुमच्याकडे फिरकत नाहीत. अशा नोंदी फ्री करा.

उलटा घोळ रजेचा. दिवसभराची नोंद टाकली की आउटलुक ती आपणहून फ्री धरतं. म्हणजे तुम्ही ‘रजा’ लिहून कोकणात पोचलात तरी कॅलेंडरच्या मते तुम्ही मोकळेच, आणि एखादा भला माणूस त्या दिवशी तुमच्या नावाने मीटिंग लावून टाकतो. रजेची नोंद नेहमी आउट ऑफ ऑफिस करा. त्यासोबत ऑटोमॅटिक उत्तरही लावलंत तर तो संदेश टीम्समध्ये तुम्हाला लिहायला येणाऱ्यालाही दिसतो.

रद्द झालेली मीटिंग त्याच वेळी काढून टाकायची. ही शिकवण आम्हाला त्या बुधवारने दिली. मीटिंग ज्याने बोलावली त्याने ती नीट ‘कॅन्सल’ करायची. ‘आज राहू दे रे’ असं चॅटवर लिहून सोडून दिलं तर बोलावलेले सगळे तासभर उगाच लाल राहतात.

गूगल कॅलेंडर वापरत असाल तर तिथे ‘फोकस टाइम’ आणि ‘वर्किंग लोकेशन’ अशा स्वतंत्र नोंदी मिळतात. कोण ऑफिसला येणार आणि कोण घरून, हे आदल्या दिवशी दिसतं. हिंजवडीचा ट्रॅफिक पार करून एखाद्याला भेटायला जावं आणि तो त्या दिवशी घरी निघावा, यासारखा मनस्ताप नाही.

पायरी ४: रंगाशेजारी माणसाच्या भाषेतली एक ओळ लिहा

ही कल्पना ठिपक्यापेक्षाही जुनी आहे. १९७१ साली स्टॅनफर्डच्या आर्टिफिशियल इंटेलिजन्स प्रयोगशाळेत लेस अर्नेस्ट यांनी ‘फिंगर’ नावाचा प्रोग्रॅम लिहिला. कोण लॉगिन आहे याची यादी पडद्यावर यायची आणि लोक त्यावर बोट फिरवत माणूस शोधायचे, म्हणून ते नाव. त्यात ‘प्लॅन’ नावाची एक फाइलही असायची: आपण कुठे आहोत, कधी परतू, हे लोक तिथे लिहून ठेवायचे. व्हॉट्सॲपसुद्धा २००९ मध्ये सुरू झालं ते मेसेजसाठी नव्हे. जान कूम यांची मूळ कल्पना होती की फोनच्या यादीत नावापुढे ‘जिममध्ये आहे’, ‘बॅटरी संपत आलीय’ असं दिसावं. लोक त्या ओळींमधूनच एकमेकांशी बोलायला लागले आणि बाकीचं सगळं नंतर घडलं.

टीम्समध्ये ही ओळ २८० अक्षरांपर्यंत लिहिता येते. तीन गोष्टी सांगा: काय चाललंय, कधीपर्यंत, आणि तोवर कुणाला विचारायचं. उदाहरणार्थ:

‘४ पर्यंत कोड रिव्ह्यू. बिलिंगचं काही असेल तर सपोर्ट चॅनेलमध्ये टाका.’
‘आईला दवाखान्यात घेऊन आलोय, दीडनंतर ऑनलाइन. घाई असेल तर फोन.’
‘आज साताऱ्याहून. ११ ते १ लाइट नाही, मोबाइलवर मेसेज वाचतोय, कॉल नको.’

‘बिझी आहे’ एवढंच लिहिणं म्हणजे लाल ठिपक्याचं भाषांतर. ते नाही लिहिलं तरी चालेल.

लिहिताना खाली ‘कुणी मला मेसेज करताना दाखवा’ अशा अर्थाची खूण असते, ती करा. मग समोरचा टाइप करायला बसला की ही ओळ त्याला लिहिण्याच्या जागेच्या वरच दिसते. आणि ओळ कधी पुसायची ती वेळ द्या. आमच्यात एकाच्या नावाखाली ‘गणपतीसाठी गावी, सोमवारी भेटू’ ही ओळ दिवाळीच्या फराळापर्यंत टिकली होती. अशी शिळी ओळ दिसली की लोक त्या माणसाच्या खऱ्या ओळीवरही विश्वास ठेवत नाहीत.

पायरी ५: पिंग करण्याआधी रंग बघा, आणि पिंग पूर्ण करा

‘हाय’. मग काहीच नाही. समोरचा हातातलं काम टाकून ‘हो, बोल’ लिहितो आणि पाच मिनिटं ‘टायपिंग…’ बघत बसतो. ठिपका दिसत असताना या ‘हाय’ची गरजच उरत नाही. माणूस आहे की नाही ते दिसतंय. आता थेट कामाचं लिहा:

‘मॅडम, बिलिंगच्या टेबलमध्ये एक कॉलम वाढवायचा आहे. कामाच्या टिकिटात तपशील टाकलाय. नऊच्या रिलीजच्या आत मंजुरी हवी. बदल दोन ओळींचा आहे, लॅपटॉप लागेल.’

शेवटचे दोन शब्द बसमधल्या मॅडमसाठी. मोबाइलवर वाचणाऱ्याला लगेच कळतं की आपल्याला हे जमणार नाही, आणि ती ‘लाल दिसतोय त्याला विचार, तो जागेवर आहे’ असं तरी सांगू शकते.

माणूस पिवळा किंवा राखाडी असेल तर दर दहा मिनिटांनी डोकावू नका. चॅटच्या यादीत त्याच्या नावाशेजारच्या तीन ठिपक्यांत ‘नोटिफाय व्हेन अव्हेलेबल’ आहे. ते दाबलं की तो हिरवा झाल्यावर टीम्स तुम्हाला कळवतं. मात्र तो हिरवा झाल्याच्या दुसऱ्याच सेकंदाला ‘आलास का!’ म्हणून झडप घालू नका. माणसाला पाणी पिऊ द्या.

खरी घाई असेल तर मेसेजवर ‘अर्जंट’ची खूण करता येते. मग समोरच्याला वीस मिनिटं, दर दोन मिनिटांनी सूचना येत राहते. हे हत्यार जपून वापरा. आमच्यात महिन्यातून दोनदा कुणी वापरलं तरी स्टँडअपमध्ये, म्हणजे रोजच्या छोट्या टीम बैठकीत, चौकशी होते. तुम्ही स्वतः ‘डू नॉट डिस्टर्ब’ लावत असाल तर सेटिंग्जमधल्या प्रायव्हसीत जाऊन दोन-तीन जणांना ‘प्रायॉरिटी ॲक्सेस’ देऊन ठेवा: टीम लीड, रात्रीच्या सपोर्टवरचा माणूस. त्यांचे मेसेज अडत नाहीत, आणि बाकीच्यांसाठी दार बंद ठेवताना तुमचाही जीव टांगणीला लागत नाही. स्लॅकवर सूचना थांबवलेल्या माणसाच्या नावाशी छोटा ‘झेड’ दिसतो. तिथे थेट मेसेज पाठवणाऱ्याला ‘तरीही कळवा’ असा पर्याय मिळतो.

पायरी ६: परदेशातल्या सहकाऱ्याचं घड्याळ

आपल्याकडे घड्याळ वर्षभर एकच असतं, त्यांचं नाही, आणि ठिपका ही गोष्ट सांगत नाही. जर्मनी उन्हाळ्यात आपल्यापेक्षा साडेतीन तास मागे, हिवाळ्यात साडेचार. न्यूयॉर्क साडेनऊ किंवा साडेदहा. आपल्या संध्याकाळी सहाला जर्मनीत उन्हाळ्यात अडीच वाजलेले असतात. हिवाळ्यात दीड, म्हणजे नेमकी जेवणाची वेळ. गोंधळ सर्वांत जास्त होतो तो मार्चमध्ये. अमेरिका मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळ पुढे करते, युरोप शेवटच्या रविवारी. मधल्या दोन-तीन आठवड्यांत तिन्हीकडच्या लोकांची मीटिंग असेल तर कुणीतरी तासभर आधी किंवा उशिरा येणारच. ऑक्टोबरच्या शेवटी असाच एक आठवडा पुन्हा येतो. प्रोफाइलवर समोरच्याची स्थानिक वेळ दिसते, पिंग करण्याआधी तीही बघायची सवय लावा.

इथेच दुसरा प्रश्न येतो. क्लायंटमुळे आपण रात्री अकराला हिरवे दिसतो, आणि ते बघून पुण्यातलेच लोक कामं पाठवतात. टीम लीड रात्री हिरवा दिसला की पोरंही हिरवी राहतात, कुणी सांगितलेलं नसताना. फ्रान्समध्ये १ जानेवारी २०१७ पासून पन्नास किंवा त्याहून अधिक कर्मचारी असलेल्या कंपन्यांना कामाच्या वेळेबाहेर ‘संपर्कात नसण्याच्या हक्का’वर कर्मचाऱ्यांशी बोलणी करावी लागतात. आपल्याकडे खासदार सुप्रिया सुळे यांनी २०१८ मध्ये याच विषयावर लोकसभेत खासगी विधेयक मांडलं होतं. कायद्याची वाट न बघता करण्यासारखं एकच आहे: लीडने रात्री काम करायचंच असेल तर ‘अपिअर ऑफलाइन’ लावून करावं आणि मेसेज सकाळी साडेनऊसाठी शेड्यूल करावा. पाठवण्याच्या बटणावर उजवी क्लिक केली की वेळ निवडता येते.

पायरी ७: मॅनेजरने ठिपके मोजू नयेत

पूर्वी कचेरीत खुर्चीच्या पाठीला स्वेटर अडकवून चहाला जायची पद्धत होती. स्वेटर दिसला म्हणजे माणूस इथेच कुठेतरी असणार! आज त्या स्वेटरची जागा ‘माउस जिगलर’ने घेतली आहे: माउस आपोआप हलवत राहणारं यंत्र किंवा सॉफ्टवेअर. २०२४ मध्ये अमेरिकेतल्या एका मोठ्या बँकेने कीबोर्डची खोटी हालचाल दाखवल्याबद्दल डझनभराहून अधिक कर्मचाऱ्यांना काढलं. लबाडी ती लबाडीच. पण ज्या ऑफिसात ‘तू काल तीन ते साडेतीन पिवळा का होतास?’ असं विचारलं जातं, तिथे हा स्वेटर अडकवला जाणारच.

नुकसान मॅनेजरचंच होतं. सगळे दिवसभर हिरवे दिसायला लागले की ठिपक्यातून काहीच कळत नाही. कुणाला अडचण विचारावी, कुणाला आत्ता त्रास देऊ नये, ही जी माहिती हवी होती तीच नाहीशी होते. काम मोजायला टिकिटं आहेत, डेमो आहेत. ठिपका हजेरीपटावर चढवला की तो खोटं बोलायला लागतो, आणि मग या लेखातल्या आधीच्या सहा पायऱ्या करून काही उपयोग नाही.

टीम्स नाही, फक्त व्हॉट्सॲप आहे, असं असेल तर

सीएचं ऑफिस, दवाखाना, चार माणसांचं दुकान, बहुतेक ठिकाणी हेच चित्र असतं. तिथे ‘ऑनलाइन’ आणि ‘लास्ट सीन’वर कामाचे अंदाज बांधू नका. माणूस ऑनलाइन असतो तो मावशीशी बोलायला. शिवाय २०२२ पासून ऑनलाइन असणंही लपवता येतं, आणि स्वतःचं लपवलं तर दुसऱ्याचंही दिसत नाही. त्यापेक्षा ऑफिसच्या ग्रुपवर सकाळी प्रत्येकाने एक ओळ टाकावी: ‘११ ते २ जीएसटी ऑफिस, नंतर जागेवर.’ गिऱ्हाइकांसाठी व्हॉट्सॲप बिझनेसमध्ये ‘अवे मेसेज’ आहे. तो फक्त दुकानाच्या वेळेबाहेर जाईल असा लावता येतो. आणि दाराशी सरकत्या पट्टीची पाटी लावलीत तर तीही अजून चालते.

उपयोग होतोय का, ते कसं बघायचं

आम्ही व्हाइटबोर्डच्या कोपऱ्यात नावं लिहिली आणि ‘आहेस का?’ किंवा नुसतं ‘हाय’ पाठवलं की त्या नावापुढे एक रेघ ओढायची असं ठरवलं. घरून काम करणाऱ्यांच्या रेघा ऑफिसातले ओढायचे, बहुतेक वेळा मोठ्या आनंदाने. पहिल्या आठवड्यात कोपरा पुरला नाही. तिसऱ्या आठवड्यापर्यंत रेघा मोजक्या उरल्या, त्यातल्या बऱ्याचशा माझ्याच नावापुढे.